होडी बांधायची कुठे? उत्तर इंग्लंडमधला पाण्याचा आणि शनिवारचा हिशोब



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. उत्तर इंग्लंडमध्ये शिडाची होडी ठेवायला सोयीची जागा कशी शोधायची! इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला बसून हे ऐकणारा म्हणेल, आम्हाला स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि तुम्ही होडीचं काय घेऊन बसलात? पण थोडा वेळ द्या. भरती-ओहोटी, चंद्राच्या तिथी, तीनशे वर्षांपूर्वीच्या गोद्या आणि आपल्या नोकरीतले सुट्टीचे दिवस हे सगळं या एका प्रश्नात येऊन मिळतं. आणि तुमच्यापैकी ज्यांची मुलं-भाचरं मँचेस्टर-लीड्सकडे आहेत, त्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडणारच आहे. तिकडे जुनी लहान होडी चारचाकीपेक्षा स्वस्तात मिळू शकते. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी असते ती तिला बांधून ठेवण्याची.

मी राहतो लीड्सला. आम्ही चौघांनी मिळून सात मीटरची एक जुनी शिडाची होडी घेतली. मी, माझी बायको आणि एक मित्र-दाम्पत्य. त्या दाम्पत्यातली ती इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे, तिच्या पाळ्या महिनाभर आधी ठरतात. होडी घेतली तेव्हा आमच्यापुढे दोनच शक्यता होत्या. वापरली तर ती आमचा उन्हाळा होणार होती. न वापरता पडून राहिली तर चौघांचे पैसे आणि दोन कुटुंबांची मैत्री, दोन्हींवर ताण येणार होता. कुठल्याही बंदरात जा, हिरवं शेवाळ चढलेल्या, कित्येक वर्षांत न हललेल्या होड्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याच होड्यांत बिघाड काहीच नसतो. मालकाच्या मोकळ्या वेळेशी त्या जागेचं जमलेलं नसतं, एवढंच.

आता लीड्सचं नकाशावरचं स्थान पाहा. इंग्लंडच्या उत्तर भागात, साधारण मधोमध. पश्चिमेला लिव्हरपूल, फ्लीटवुड, मोरकम्बचा उपसागर. पूर्वेला हल, व्हिटबी, हार्टलपूल. वायव्येला विंडरमियर तलाव. यांतलं काहीही घ्या, गाडीने साधारण सव्वा ते दोन तास. म्हणजे "जवळची जागा घेऊ" हा सोपा मार्ग आम्हाला नव्हताच. मग निवडायचं कशावरून?

इथे पाण्याकडे यावं लागतं.

आपल्याकडे मुंबईला पावसाळ्यात "आज साडेचार मीटरची भरती" अशी बातमी आली की लोक सावध होतात. लिव्हरपूलला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत नऊ-दहा मीटरचा फरक पडतो. तीन मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा फरक साधारण निम्म्यावर येतो. पूर्व किनाऱ्यावर सगळंच सौम्य. टाइन नदीच्या मुखाशी उधाणाचा फरक चार-सव्वाचार मीटरचा. म्हणजे एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांमध्ये दुपटीहून जास्त तफावत.

दहा मीटर पाणी उतरतं तिथे होडीचं काय होणार? ती चिखलात बसणार. म्हणून लिव्हरपूलकरांनी फार लवकर एक युक्ती काढली. १७१५ साली थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने तिथे बांधलेली गोदी सुरू झाली. व्यापारी जहाजांसाठी पाणी कोंडून ठेवणारी ती जगातली पहिली गोदी मानतात. भरतीला दार उघडायचं, जहाज आत घ्यायचं, पाणी उतरायच्या आत दार लावायचं. बाहेर नदी उतरो की चढो, आत जहाज तरंगत राहतं. मुंबईची १९१४ सालची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, याच तत्त्वावर चालते. भावनगर बंदरातही याच कारणासाठी असं दार आहे.

पुढे मोठी जहाजं आली, कंटेनर आले, आणि लिव्हरपूलच्या दक्षिणेकडच्या गोद्या १९७२ साली बंद झाल्या. त्यांतल्याच काही गोद्यांत आज शिडाच्या होड्या असतात. उत्तर इंग्लंडभर हीच गोष्ट आहे. हलची हंबर गोदी १८०९ सालची, तिथे १९८३ साली मरिना झाला. व्हाइटहेवन हे कोळशाचं जुनं बंदर. तिथे गेल्या शतकाच्या अखेरीस समुद्राच्या तोंडावर दार बसवलं, आणि पूर्वी ओहोटीला कोरडं पडणारं बंदर बारा महिने भरलेलं राहू लागलं. जहाजं गेली, गिरण्या-खाणी गेल्या, मागे उरलेल्या पाण्यात होड्या आल्या.

पण दार आलं की दाराची वेळ आली. आणि आपल्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ कशी काढायची, आठवतंय? तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या जरा आधी. गंमत म्हणजे हाच हिशोब लिव्हरपूललाही ढोबळमानाने लागू पडतो. तिथेही पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास आणि अष्टमीच्या सुमारास सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. यात गूढ काही नाही. प्रत्येक बंदराचं चंद्राशी एक ठरलेलं अंतर असतं, आणि मुंबईचं व लिव्हरपूलचं योगायोगाने जवळपास सारखं पडलं. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, तेवढा तास मिळवायचा.

अर्थात या आडाख्यावर विसंबून कोणी गोदीच्या दारातून होडी काढत नाही. त्यासाठी छापील वेळापत्रक लागतं. त्याचाही इतिहास लिव्हरपूलचाच आहे. विल्यम हचिन्सन नावाच्या तिथल्या गोदीप्रमुखाने १७६४ पासून १७९३ पर्यंत भरतीच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी भरतीचं जे गणित लागलं, ते लिव्हरपूलसमोरच्या बिडस्टन वेधशाळेत आर्थर डूडसन यांनी केलं होतं. तेव्हा आपण ज्या तक्त्यावर बोट ठेवून "शनिवारी जमेल का?" म्हणतो, त्याच्यामागे एवढी परंपरा आहे.

आता शनिवारचं गणित बघू. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांचे झाले तीनशे पन्नास मिनिटं, म्हणजे सहा तासांना दहा मिनिटं कमी. अर्थ असा की या शनिवारी दुपारी बाराला पूर्ण भरती असेल तर पुढच्या शनिवारी दुपारी बाराला जवळजवळ पूर्ण ओहोटी असणार. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा दुपारची भरती. नोकरी करणाऱ्या माणसाला दर आठवड्याला तोच वार मिळतो, पण पाणी मात्र एक आठवडा सोडून त्याच्या बाजूने असतं.

हे लक्षात ठेवून जागांचे प्रकार पाहा.

पहिला प्रकार, भरतीच्या माथ्यावरच उघडणारं दार. लँकेस्टरजवळ ल्यून नदीच्या मुखाशी ग्लासन डॉक आहे. १७८७ सालची गोदी, शांत, सुंदर, आणि आतून थेट लँकेस्टर कालव्याला जोडलेली. तिचं समुद्राकडचं दार भरतीच्या पाऊण तास आधी उघडतं आणि भरतीला बंद होतं. म्हणजे एकदा बाहेर पडलात की पुढची भरती साडेबारा तासांनी. चार तास फिरून परत, हे इथे होणारच नाही. पण ज्याला तीन-चार दिवसांची सुट्टी काढून आइल ऑफ मॅनला जायचंय, किंवा हिवाळाभर होडी सुखरूप ठेवायचीय, त्याला ही जागा उत्तम.

दुसरा प्रकार, भरतीच्या आधी-नंतर काही तास मोकळीक. व्हिटबीला मरिनाच्या वाटेवर फिरता पूल आहे. तो भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत होड्यांसाठी उघडतात. समजा सकाळी सातला भरती आहे. आठला बाहेर पडा, दिवसभर समुद्रावर राहा, संध्याकाळच्या भरतीच्या दोन तास आधी, साडेपाचला, परत या. अगदी मनासारखा दिवस. भरती दुपारी एकला असेल तर? अकराला बाहेर आणि तीनच्या आत घरात. तेही वाईट नाही. पण वेळापत्रक पाहिल्याशिवाय कोणाला "शनिवारी या" म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार, ओहोटीलाही पाणी टिकणारी बंदरं. नॉर्थम्बरलँडमधलं ब्लाइथ हे त्यांतलं. तिथल्या यॉट क्लबची कचेरी एका जुन्या दीपजहाजावर आहे, ते पाहायलाही जावं. इथे दाराची वाट पाहावी लागत नाही. मात्र आमच्यासारख्या लीड्सकरांना ते लांब.

चौथा प्रकार, दोराला बांधलेल्या होड्या. तळाला जड वजन, वर बोया, त्याला होडी. वारा-पाणी फिरेल तशी ती फिरते. यात दोन पोटभेद. काही ठिकाणी खाली कायम पाणी असतं, काही ठिकाणी ओहोटीला चिखल. मोरकम्ब उपसागराच्या काठाने दुसऱ्या जातीच्या जागा बऱ्याच आहेत. तिथे लोक मुद्दाम दोन कीलची होडी घेतात. तळाला दोन्ही बाजूंना दोन पाय असल्यासारखी रचना, त्यामुळे पाणी उतरलं की ती बसते सरळ, कलंडत नाही. जागा स्वस्त पडते. पण होडीपर्यंत जायला छोटी वल्ह्याची होडी लागते, ती किनाऱ्यावर ठेवायला वेगळी जागा लागते, आणि पाण्याची वेळ चुकली तर मध्ये गुडघाभर चिखल.

आणि तो चिखल साधा नाही. मोरकम्ब उपसागरात ओहोटीला सुमारे तीनशे चौरस किलोमीटर वाळू आणि गाळ उघडा पडतो. भरती परत येते ती लाटेसारखी समोरून येईलच असं नाही. मागच्या ओहोळांतून येते आणि माणूस मध्ये अडकतो. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिथे शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर बुडून गेले. त्या किनाऱ्यावर होडी ठेवणाऱ्याने हे माहीत करून घ्यायलाच हवं.

अजून एक गोष्ट. समुद्र सगळ्यांचा, म्हणून कुठेही बोया टाकता येत नाही. इंग्लंडभोवतीचा बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ जवळपास सगळा क्राउन इस्टेटच्या ताब्यात आहे. किनाऱ्याचे काही पट्टे इतरांचे, जसे लँकेशायरकडे डची ऑफ लँकेस्टरचे. जागा मिळते ती बंदर प्राधिकरणाकडून किंवा परवाना घेतलेल्या क्लबकडून. क्लबात जाऊन सभासद व्हायचं, यादीत नाव घालायचं, कामाच्या रविवारी हातात ब्रश घ्यायचा. जागा तर मिळतेच, शिवाय वाऱ्यात तुमचा दोर सुटला तर बांधणारा माणूसही मिळतो.

पाचवा प्रकार, तलाव. विंडरमियर सतराएक किलोमीटर लांब. भरती नाही, दार नाही, मीठ नाही. २००५ पासून तिथे ताशी दहा मैलांची वेगमर्यादा आहे, त्यामुळे वेगवान मोटारबोटींचा त्रास कमी झाला. शिकायला, लहान मुलांना न्यायला याहून चांगली जागा नाही. पण डोंगरांमधला वारा लहरी, आणि तलावातून समुद्राला वाट नाही. क्षितिजापलीकडे जायची हौस असेल तर दोन उन्हाळ्यांत पाणी संपतं.

मग आम्ही काय केलं? एका उन्हाळ्याचं, मे ते सप्टेंबरचं, भरतीचं वेळापत्रक काढलं. त्यावर चौघांचे मोकळे दिवस रंगाने भरले. मग प्रत्येक जागेसाठी एकच प्रश्न विचारला: सकाळी नऊनंतर निघून अंधाराच्या आत परत यायचं असेल, तर यांतले किती दिवस उरतात? भूलतज्ज्ञ मैत्रिणीच्या पाळ्या घातल्यावर काही जागा कागदावरच गळून पडल्या. भाडं कमी असलेल्या जागेचा "दर दिवसाला पडणारा" खर्च महाग जागेपेक्षा जास्त निघाला, कारण तिथे दिवसच मोजके मिळत होते. भाडं वर्षाला, मीटरवर ठरतं, पण आपण भोगतो ते दिवस. भागायचं असेल तर दिवसांनी भागा.

दुसरा प्रश्न आमच्या घरातून आला. रत्नागिरीहून आई आली होती. अडुसष्ट वर्षांची, खाडीकाठी वाढलेली, पण गुडघे दुखणारी. एका जुन्या बंदरात धक्क्याच्या भिंतीला लोखंडी शिडी होती, शेवाळलेली, ओहोटीला पाच-सहा मीटर खाली उतरणारी. तिने वरून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मी होडीला घाबरत नाही, शिडीला घाबरते." त्या वाक्याने आमच्या यादीतल्या दोन जागा गेल्या. तरता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यावरून पाऊल सरळ होडीत पडतं. गाडीतळापासून होडीपर्यंत किती चालायचं, रात्री दिवा आहे का, मोरी-संडास जवळ आहे का, ही चौकशी करण्यात कमीपणा मानू नका. घरातला एक माणूस येईनासा झाला की हळूहळू सगळेच येईनासे होतात.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. परत येताना दार चुकलं तर?

सोमवारी सकाळी आठला कोणाला शस्त्रक्रियागृहात उभं राहायचंय, कोणाची मीटिंग आहे. दार संध्याकाळी सहाला बंद होणार. वारा पडलाय किंवा जास्त झालाय. अशा वेळी माणूस घाई करतो. पूर्व किनाऱ्यावर ही घाई महागात पडते, कारण उत्तर समुद्रावरून थेट किनाऱ्याकडे जोराचा वारा आला की व्हिटबीसारख्या बंदराच्या तोंडाशी लाटा फुटू लागतात. बाहेर खोल पाण्यात होडी सुरक्षित असते, धोका असतो तो नेमका आत शिरताना. म्हणून जागा निवडताना विचारायचं, की वेळ चुकली तर थांबायला जवळ दुसरं बंदर आहे का? तिथून रेल्वेने घरी जाता येईल का? होडी तिथे बांधून सोमवारी कामावर जायचं, बुधवारी तिला आणायला जायचं. हे आधी ठरलेलं असेल तर घाई होत नाही. तिकडची जीवरक्षक नौकांची संस्था, आरएनएलआय, १८२४ पासून लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि तिच्या नौकांवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. आपल्या सोमवारच्या मीटिंगसाठी त्यांना रविवारी रात्री जेवणावरून उठवू नये.

आम्ही शेवटी हार्टलपूल घेतलं. जुन्या गोद्यांतला मरिना, आत यायला लॉक, भरतीच्या दोन्ही अंगांना बऱ्यापैकी तास मिळतात, तरते धक्के आहेत आणि लीड्सहून दीड तासाच्या आसपास. फार नयनरम्य म्हणाल तर नाही. व्हिटबी कितीतरी देखणं आहे. पण आमच्या चौघांच्या कॅलेंडरवर सर्वांत जास्त दिवस हार्टलपूलने दिले.

तिथे एक अनपेक्षित शेजारीही मिळाला. मरिनाजवळच्या गोदीत 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे शिडाचं युद्धजहाज उभं आहे. १८१७ साली ते बांधलं गेलं मुंबईत, वाडियांच्या गोदीत, मलबारच्या सागवानाने. अजून तरंगणारं ते सर्वांत जुनं ब्रिटिश युद्धजहाज. आईला ते दाखवलं तेव्हा तिने लाकडावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पावसाळ्यात हे शाकारतात का रे?" तिच्या हिशोबाने होडी ज्येष्ठात किनाऱ्यावर ओढायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात टाकायची. तिकडे उलटं. ऑक्टोबरात बहुतेक होड्या पाण्याबाहेर निघतात आणि एप्रिलच्या आसपास पुन्हा उतरतात. म्हणून जागा ठरवताना हिवाळ्याचं विचारून घ्या: उचलायला क्रेन आहे का, जमिनीवर ठेवायचं भाडं त्याच रकमेत आहे की वेगळं, आणि थर्ड-पार्टी विम्याचा कागद कधी दाखवावा लागतो.

तर, तुमचं कोणी तिकडे होडी घेत असेल तर त्याला एवढं सांगा. आधी जागा ठरव, मग होडी घे, कारण जागेवरून ठरतं एक कील हवी की दोन. वर्षाचं वेळापत्रक घेऊन स्वतःचे दिवस मोज. घरातल्या सर्वांत कमी चालणाऱ्या माणसाला बरोबर नेऊन जागा दाखव. दार चुकलं तर कुठे जायचं ते लिहून ठेव. दारांच्या वेळा दुरुस्तीमुळे बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन कर. आणि जागा पाहायला जाशील तेव्हा पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, पूर्ण ओहोटीला जा. भरतीला सगळीच बंदरं छान दिसतात. पाणी उतरल्यावर तळाशी काय आहे, खडक, गाळ की जुन्या साखळ्या, ते तेव्हाच कळतं. तिथे चिखलात काम करणारा कोणी भेटेल. त्याला चहा पाज आणि विचार, गेल्या हिवाळ्यात इथे किती होड्यांचे दोर तुटले?

तो जे सांगेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.